मातीने परत केलेले कापड

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची गाडी सुटली तेव्हा अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर नुकते ऊन आले होते. माझ्या पायाशी गिरमिट (जमिनीतून माती काढायचा लांब लोखंडी पेच) होते, मांडीवर बर्फ भरलेला थर्मास आणि वरच्या फळीवर रिकाम्या कापडी पिशव्यांचे गाठोडे. कंडक्टरने आधी गिरमिटाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बाई, बोअर मारायला निघालाय व्हय?"

"माती काढायला," मी म्हणाले.

"सांगलीची माती न्यायला साताऱ्यासनं माणूस चाललंय! बरं हाय. येताना वजन वाढलं तर लगेज लावणार बगा."

मागच्या बाकावरचे दोघे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा. गेल्या पावसाळ्यात माझे यजमान गेले. तेव्हापासून लोकांच्या हसण्यात वेळेवर सामील होणे मला जमत नाही.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ऊन वाढते आहे, पाऊस आपला ठरलेला रस्ता सोडून वागू लागला आहे. अशा दिवसांत कोणती जमीन तग धरेल आणि कोणती हात टेकेल, हे पुष्कळसे तिच्या पोटातल्या जिवाणूंवर ठरते. पालापाचोळा, मुळे, मेलेले किडे, सगळे तेच पचवतात आणि पुढच्या पिकाच्या तोंडी देतात. ते मेले तरी जमीन दिसायला जमीनच राहते. फक्त ती कुणाचे काही घेत नाही आणि कुणाला काही देत नाही. सातारा-सांगली भागातल्या निरनिराळ्या जमिनींत हे जिवाणू किती उरले आहेत ते पाहणे, हे आमच्या विभागाचे काम होते.

प्रयोगशाळेत त्यासाठी उपकरणे आहेत, पण शेतावरची एक तपासणी अगदी साधी आहे. मांजरपाटाच्या (कोऱ्या सुती कापडाच्या) पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीला नायलॉनचा दोरा बांधायचा, वीतभर खोल पुरायचे आणि दोऱ्याचे टोक वर खुंटीला अडकवायचे. काही आठवड्यांनी काढायचे. जिवंत माती कापड खाते. पट्टीची जाळी होते, चिंध्या होतात. मेलेली माती कापड दिले तसे परत करते.

हे कापड मी साताऱ्यात घेतले तेव्हा दुकानदाराने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहून आवाज उतरवला होता. "कधी झालं?" त्याने विचारले. मी घाईने म्हणाले, "तसं नाही, हे नुसतं पुरायचं आहे." त्याने पुढे काही विचारले नाही. कापड मोजून देताना तो माझ्याकडे बघायचे टाळत होता.

कराड मागे पडल्यावर उसाचा मुलूख सुरू झाला. इस्लामपूरच्या अलीकडे बैलगाड्यांची रांग रस्त्याच्या कडेने कारखान्याकडे चालली होती आणि मळीचा आंबूस-गोड वास खिडकीतून आत आला. ऊस इतका उंच आणि दाट होता की दोन्ही बाजूंनी हिरव्या भिंती. या हिरवाईत कुठे काही बिघडले असेल असे कुणाला सांगून पटले नसते. मग एका वळणावर भिंत तुटली आणि पलीकडे मैदानभर पांढरे दिसले. क्षणभर वाटले, कुणी चुना सांडला आहे. गाडी पुढे गेली, पुन्हा हिरवी भिंत. शेजारची बाई शेंगा सोलत होती; तिने वर पाहिलेही नाही.

आष्ट्याच्या स्टँडवर महादेव मोटारसायकल घेऊन उभा होता. फौजेत ड्रायव्हर होता, निवृत्त होऊन आपल्या रानात परतलेला. मिशा अजून परेडच्या. त्याने मला आधी चहाच्या टपरीवर नेले. त्याला काय बोलायचे आहे हे मला ठाऊक होते.

संक्रांतीच्या सुमारास त्याच्या रानात पट्ट्या पुरायला आले तेव्हाच सगळे कानावर आले होते. महादेवचे वडील, अण्णा, काही वर्षांपूर्वी वारले. घर लिंगायत, त्यांच्यात दहन करत नाहीत, मृताला बसवून पुरतात. त्यांच्या घराण्याची रीत अशी की खड्ड्यात विभूती, बेलाची पाने आणि पोत्याने मीठ घालायचे. अण्णांना त्यांच्याच उसाच्या रानात, बांधालगत बसवले. पुढच्या उन्हाळ्यात रानात पांढरे डाग उठले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात डाग एकमेकांना मिळाले, आणि ऊस पिवळा पडून जागीच बसला. गावात बोलणे सुरू झाले, म्हाताऱ्याचे मीठ रानभर फिरतेय. शेजारच्या रानवाल्याने तर तोंडावर सांगितले, "तुमचा बाप माज्या बांधाला लागलाय."

म्हणून महादेवने त्या वेळी हट्टाने एक पट्टी समाधीपाशी पुरायला लावली होती.

"सोमवारी मठाचं स्वामी येत्यात, म्याडम," तो म्हणाला. "मीठ अण्णांपासनं निघत आसंल तर तितलीच माती सगळ्यांत मेल्याली असणार, बराबर? अण्णांजवळची पट्टी आख्खी निघाली, तर समाधी उकलायची आन अण्णांना गावच्या दफनभूमीत हलवायचं. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

"कुणाची ऑर्डर?"

"माजीच की." तो कपात बघत राहिला.

"आणि तुमच्या आई?"

"अव्वा माज्याशी बोलत न्हाई. जेवान वाढती, पन ताट आपटून. फौजेत सुबेदार परवडला."

गिरमिट भाल्यासारखे आडवे धरून मी मागे बसले. गाव ओलांडले, उसातून जाणारी पाणंद (शेतांमधली गाडीवाट) संपली, आणि मोटारसायकलचा आवाज एकाएकी उघडा पडला. आम्ही चोपणात (क्षार चढून मेलेल्या जमिनीत) आलो होतो.

मी अशा जमिनी पाहिल्या होत्या, पण तिथे दुपारी एकटी उभी राहिले नव्हते. महादेव खोरे आणायला खोपीकडे गेला. पायाखाली मिठाची पापडी फुटत होती. खाली माती काळी आणि गिळगिळीत, वर पांढरी साय. वाळलेल्या उसाची खोडके ओळीने उभी होती. शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालला होता आणि त्याच्यामागे बगळ्यांचा थवा उतरत, उठत होता. बांधापर्यंत आले की बगळे वळत होते. या बाजूला एकही येत नव्हता. माशी नाही, मुंगी नाही. पाण्याच्या डबक्यात बेडूक नाही. मी सवयीने चिमूटभर माती नाकाशी नेली. तिला कसलाच वास नव्हता. धुतलेल्या काचेला असावा तेवढाही नाही.

रानाच्या एका कडेला मात्र मातीचा उंचवटा होता. त्यावर दगडाचे लिंग, शेजारी माणसाच्या उंचीचे बेलाचे झाड, आणि झाडाखाली पाठमोरी बसलेली एक म्हातारी बाई, पांढऱ्या रानात हिरवे लुगडे नेसून. ती इतकी स्थिर होती की मी जवळ जाईपर्यंत ती श्वास घेते आहे का हे मला कळत नव्हते.

"आलीस?" वळून न बघता ती म्हणाली. त्या अव्वा. शेजारी पाण्याची कळशी होती.

मी खाली बसले. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिले. त्यांचे कपाळ विभूतीने पांढरे होते. थंडीत आले तेव्हा मी डोक्याला रुमाल बांधला होता, त्यामुळे त्यांच्या लक्षात आले नसावे.

"कवा गेलं?"

"आषाढात."

"कुठं दिलं?"

"माहुलीला. राख कृष्णेत सोडली."

अव्वांनी हनुवटीने नदीकडून येणाऱ्या जाड पाइपाकडे खूण केली. "म्हंजी हिकडंच आलं की. ह्याच पान्यावर ऊस हाय आमचा." मग रानाकडे पाहून म्हणाल्या, "व्हता."

कळशीत हात बुडवून त्या समाधीवर पाणी शिंपडत राहिल्या. हे पाणी अव्वा गावातल्या जुन्या आडातून आणत. नदीचे किंवा पाइपाचे नाही. समाधीला गोड पाणी लागते, असे त्यांचे म्हणणे. रोज एक कळशी डोक्यावरून आणायची, शेणाचा सडा टाकायचा, बेलाची पडलेली पाने तिथेच सारायची.

"बाई, तू शिकल्याली हाईस. एक सांग. मिठात घातल्यालं लिंबू कवा नासतंय का?"

त्यांनी ओला हात लुगड्याला पुसला.

"मीठ मीच वतलं. माज्या हातानं. गळ्यापतुर. आता ह्यो म्हंतो उकलायचं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "उकललं आन ते तसंच बसल्यालं आसलं तर? डोळं मिटून. वळकू आलं तर? मी काय करू मग? पदर घिऊ डोक्यावरनं?"

खोपीकडून महादेवने जेवायला हाक मारली.

जेवण खोपीत झाले. जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी आणि पाहुणीसाठी म्हणून मुद्दाम केलेली हुग्गी (गव्हाची गुळातली खीर, शब्द कानडी, पण इथल्या प्रत्येक घरातला). महादेव म्हणाला, "अव्वा, जरा मीठ दे." अव्वांनी ऐकलेच नाही. मी वाटी पुढे सरकवली. त्याने चिमूट घेतली, हातातच धरली, आणि परत वाटीत टाकली.

मग आम्ही पट्ट्या काढायला लागलो. पहिली रानाच्या मधली. दोरा ओढला तशी चिखलातून सुळकन वर आली. मी ती बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि महादेव मागे सरकला. कापड पांढरेशुभ्र होते. कात्रीने कापलेल्या कडा तशाच. कोपऱ्यावर मी पेन्सिलीने केलेली खूण तशीच. दुसरी तशीच. तिसरी तशीच. वाळायला त्या बांधावर ओळीने पसरल्या. वारा नव्हता, एकही हलली नाही.

"झाका ते," दुरून अव्वा म्हणाल्या.

महादेवने डोक्याचा टॉवेल काढून पट्ट्यांवर टाकला. आता फक्त समाधीजवळची उरली होती. तो दोरा धरायला त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "तुमीच बगा, म्याडम."

मी दोरा ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. दोरा ताठ झाला, जरासा आत गेला आणि थांबला. खालून कुणी बोटाला गुंडाळून धरावा तसा. मी मागे पाहिले. महादेवने पायातल्या चपला काढल्या होत्या. अव्वा उठून उभ्या होत्या, आणि त्यांनी खरोखरच पदर डोक्यावर ओढून घेतला होता.

आपण शिकलेल्या आहोत, असे मी स्वतःला सांगितले. खुरपे घेऊन दोऱ्याच्या कडेने माती मोकळी करत गेले. माती भुसभुशीत होती, काळी, दाणेदार. एक गांडूळ अंग आखडून बाजूला झाले. त्या सबंध रानात दिसलेले पहिले. खाली बेलाच्या, केसाएवढ्या बारीक मुळ्यांनी दोऱ्याला विळखा घातला होता. त्या एकेक सोडवल्या. दोरा वर आला. टोकाला मी मारलेली गाठ होती, आणि गाठीत काहीच नव्हते. कापडाचा एक धागासुद्धा नाही.

"कुठाय?" महादेवने विचारले.

"खाल्लं," मी म्हणाले. "इथली माती जिवंत आहे. बाकीच्या रानापेक्षा कितीतरी."

"मग मीठ कुटनं आलं?"

ते मात्र दाखवता येण्यासारखे होते. गिरमिटाने आम्ही समाधीच्या पायथ्याला, मग रानाच्या मध्यावर, आणि शेवटी सखल कोपऱ्यात भोके घेतली; निघालेली माती मी नमुन्यासाठी पिशव्यांत भरली. हळूहळू तिन्हींत पाणी भरले. माझ्याकडे क्षार मोजायचे छोटे यंत्र होते, पण महादेवने त्याच्यावर विश्वास न ठेवता बोट बुडवून चाखले. समाधीजवळचे मचूळ. मधले खारट. कोपऱ्यातले चाखून तो थुंकला. "हॅट! समुद्र हाय हितं."

"या कोपऱ्यात पूर्वी काय होतं?"

त्याने मिशी चोळली. "वढा व्हता."

"कुणी बुजवला?"

"आमीच. अण्णा आन मी, दोगांनी. मी सुट्टीवर आलोतो. म्हनलं तेवढाच ऊस वाढंल." तो खाली बसला. "वाढला बी व्हता, म्याडम. दोन वर्सं लय ऊस आला."

रानाला पाणी मोजमापाशिवाय दिलेले, आणि बाहेर जायची वाट बंद. पाणी वर आले आणि जमिनीच्या पोटातला क्षार घेऊन आले. समाधी उंचवट्यावर, तिच्यावर रोज गोड पाणी, शेण, पाला. तिथला क्षार धुऊन खाली जात राहिला. ओढा उकलायला हवा, समाधी नव्हे, हे मी सांगितले. तोवर त्याला ते कळलेही होते. तरी त्याच्या मनातून काही जाईना.

"गिरमिट लांब हाय तुमचं. एकदा मधोमध टाकाच खाली. म्हंजी शंकाच नको."

आणखी सांधे जोडले तर ते अण्णांपर्यंत पोचले असते. अव्वा माझ्या हातांकडे पाहत होत्या. मी गिरमिटाचे सांधे सोडवले, पुसले आणि गोणपाटात गुंडाळले.

"मिठाचं उत्तर मिळालं," मी म्हणाले. "बाकीचं आमच्या परीक्षेत येत नाही."

महादेव उठला. "बरं. मग सोमवारी स्वामींना नुसतं जेवायलाच घालू." आणि आईकडे न बघता म्हणाला, "अव्वा, हुग्गी लागंल."

"तूच कर," अव्वा म्हणाल्या. पण त्या बोलल्या होत्या. तो मोटारसायकलकडे गेला तो जवळजवळ पळतच.

आम्ही दोघीच उरल्यावर त्यांनी रिकाम्या गाठीचा दोरा माझ्याकडून मागून घेतला आणि बोटांत फिरवला.

"हे वीतभर खालचं. ते तर पुरुषभर खाली हाईत. तितं बी असंच आसंल न्हवं?"

हो म्हणणे फार सोपे होते. पण त्यांनी मला शिकलेली म्हणून विचारले होते. "मला माहीत नाही, अव्वा. तितक्या खोल हवा पोचत नाही. पाणी साचलंय, मीठ आहे. तिथं हे काम फार हळू चालतं. झालं असेल. नसेलही."

"म्हंजी बसल्यात."

"कदाचित."

सूर्य उसाच्या भिंतीला टेकला होता आणि बेलाची सावली पांढऱ्या रानात लांबवर गेली होती.

"बसू देत," त्या म्हणाल्या. "जित्तेपणी कवा निवांत बसलं न्हाईत."

मग समाधीच्या डाव्या बाजूला, उंचवट्याच्या उतारावर त्यांनी पायाने एक जागा दाखवली. तिथे पापडी नुकती चढू लागली होती. "तुज्याकडं कापड उरलंय न्हवं? हितं एक पूर."

"इथं?"

"माजी जागा हाय ती. मी यायच्या आदी कळू दे, खातीया का न्हाई. आजपासनं हितं बी कळशी घालते."

मी पट्टी पुरली. त्यांनी स्वतः वरची माती हाताने थापटली, एखादे मूल निजवताना थापटतात तशी.

त्या रात्री मुक्काम सांगलीला होता. सकाळी थर्मासमध्ये नवा बर्फ भरून घेताना हळदीच्या पेठेतली पिवळी धूळ पिशव्यांवर, माझ्या हातांवर बसली. टेलिफोन बूथवरून विभागाला कळवले की नमुने घेऊन येते आहे. पलीकडून विचारले, काही विशेष? मी म्हटले, नाही. भडंगाचा एक पुडा घेतला आणि साताऱ्याची गाडी धरली. लगेज कुणी लावले नाही.

आता नमुने तपासून झाले आहेत. रानातल्या मातीच्या काचतबकड्या (जिवाणू वाढवून पाहायच्या काचेच्या बशा) जवळजवळ स्वच्छ राहिल्या. समाधीच्या मातीची तबकडी दोन दिवसांत ठिपक्यांनी, बुरशीच्या पांढऱ्या-हिरव्या चकत्यांनी भरून गेली. अहवालात मी उंचवटा, गोडे पाणी आणि शेणपाला ही कारणे लिहिली. ती खरी आहेत. महादेवचा फोन आला होता. ओढ्याचा चर उकलायला सुरुवात झाली आहे, आणि शेजारचा रानवाला स्वतः खोरे घेऊन आला.

अव्वांच्या जागेची पट्टी अजून मातीत आहे. घरी दिवेलागणीला मी एकटी बसते तेव्हा ती मला दिसते: अंधारात, वीतभर खाली, कोरी. आजवर पट्टी कशीही निघाली तरी मी ती शांतपणे टिपून घेत आले; मातीकडून काही मागायचे नसते, असे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. आणि तरी, यजमान गेल्यापासून पहिल्यांदाच, मला काहीतरी व्हावेसे वाटते आहे. त्या मातीला भूक लागावी.